लिहून न दिलेली बतावणी

सोंगाड्या वर्तमानपत्र उभ्याने वाचायचा. सकाळी आंघोळ उरकून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून तो दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात कठड्यापाशी उभा राही आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचून झाल्यावरच खुर्चीला टेके. आम्हाला वाटायचं, पाठीचं दुखणं असेल. एकदा मी विचारलंच. पान खाली न करता तो म्हणाला, "शोकप्रस्ताव कधी बसून ऐकलायस का?"

मी खूप हसलो होतो. समोरच्या ब्लॉकमधून दुसऱ्याही दिवशी तो तसाच उभा दिसला, तिसऱ्याही. मग हसू येईनासं झालं.

त्याचं खरं नाव मोघे. एका मंत्रालयात अवर सचिव होता आणि तिथूनच निवृत्त झाला. मी दुसऱ्या मंत्रालयात होतो आणि वसाहतीतल्या मराठी मंडळाचा कार्यवाह होतो. पुष्कळ वर्षं होतो, कारण ते काम दुसरं कुणी घ्यायला तयार नसे. आमच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ वगाची असे. राजा, प्रधान, हवालदार आणि सोंगाड्या, चौघेही सरकारी नोकर आणि चौघांचेही पोशाख भाड्याचे. मोघे सोंगाड्या व्हायचा. मुलं त्याला सोंगाड्याकाका म्हणू लागली, मग आम्हीही काका गाळून तेच म्हणू लागलो. पुढे पुढे दारावरची पाटी सोडली तर मोघे हे नाव कुठे राहिलं नाही.

वगातली बतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. राजा आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात आणि आयत्या वेळी सुचेल ते बोलतात. ते कुठे लिहिलेलं नसतं. आमच्या पहिल्या रांगेत पाहुणे असत. एखादा मंत्री, एक-दोन सचिव, बहुतेक मराठी न कळणारे. म्हणून त्यांच्या शेजारी मंडळाचा एक सभासद बसून कानात हिंदीतून अर्थ सांगे. त्यामुळे प्रत्येक विनोदाला दोनदा हशा यायचा, आधी मागून आणि मग पुढून. "पुढचा हशा उशिरा येतो, पण येतो," सोंगाड्या म्हणायचा. "शेवटी सरकारी आहे."

एका वर्षी राजाने दरडावून विचारलं, "बोल, आमचा खजिना कुणी खाल्ला?" सोंगाड्या पुढे आला, कपाळावर हात धरून त्याने पहिली रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "महाराज, पाहुण्यांसमोर घरचं नको." मंडप कोसळायचाच राहिला होता. मंत्र्यांना अर्थ पोचायला थोडा वेळ लागला, पण पोचल्यावर ते पोट धरून हसले. जाताना विंगेत येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अगले साल भी बुलाना, और इससे ज़्यादा सुनाना." हे मी मुद्दाम लिहितो आहे. हल्लीच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती एकमेकांकडे बघतात. काकांचं वय झालं, असं त्यांना वाटत असावं.

ऑफिसात मात्र त्याच्याइतका चोख माणूस नव्हता. तो म्हणायचा, "कार्यवाह, वर्षभर मी प्रत्येक पत्र एकाच वाक्याने सुरू करतो. 'मला असे कळविण्याचा निदेश झाला आहे की.' आयुष्यभर मला निदेश झालेले आहेत. वर्षातून एक दिवस, तोंडाला रंग लावून, मी मला काय वाटतं ते सांगतो. हा एक दिवस काढून घेतलास तर माझ्यात आणि रबरी शिक्क्यात काय फरक राहिला?" हे तो हसत म्हणायचा. मी चहा पीत ऐकायचो आणि पुढच्या वर्षीचा मांडव कुणाला द्यायचा याचा विचार करायचो.

संक्रांतीच्या सुमारास मंडळाची बस पानिपतला जायची. स्मारकाजवळ सगळे फोटो काढत, मुलं बोरं खात, कुणीतरी मोठ्याने इतिहास सांगत असे. सोंगाड्या बाजूला शेताच्या बांधावर उभा राहायचा. परतताना एकदा तो बसमध्ये म्हणाला, "मला हे आपलं बरं वाटतं. आपण हरलो त्या जागी दरवर्षी येतो आणि हरलो असं स्वच्छ म्हणतो. देशात ही सवय आता कुणाला राहिलेली नाही. सगळे रोज जिंकतायत, आणि वर्तमानपत्र वाचावं तर पायाखालची जमीन जातेय."

"तू फार वाचतोस," मी म्हणालो.

"मग काय करू? मत देतो, ते कुठे जातं कळत नाही. पत्र लिहितो, पोच येते. पोच मात्र नियमित येते हं, त्याबद्दल तक्रार नाही."

बदल नक्की कधी झाला ते सांगता येणार नाही. सोंगाड्याला तो आमच्या आधी कळला, कारण त्याचं लक्ष लोकांच्या तोंडांवर असे. एका वर्षी प्रयोगानंतर रंग पुसता पुसता तो म्हणाला, "आज बघितलंस? मागचे लोक आधी पुढच्या रांगेकडे बघत होते. ती हसली तर हसायचं, नाहीतर नाही." मी म्हटलं, "यार, विनोद पडला असेल एखादा." तो म्हणाला, "विनोद पडला तर मला आवाज येतो. आज आवाज नव्हता. आज लोक विचार करत होते."

आणि तक्रारी वरून आल्या नाहीत, हे नोंदवायला हवं. वरच्यांना आमचं मंडळ आहे हेही माहीत नसावं. तक्रारी आल्या शेजारच्या ब्लॉकमधून. जो माणूस वर्षानुवर्षं मागे बसून टाळ्या पिटायचा, ज्याच्या घरचं हळदीकुंकू आमच्या घरच्या बायकांनी चुकवलं नव्हतं, त्याने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "सणाच्या दिवशी राजकारण कशाला? ज्यांना देशाबद्दल आस्था नाही त्यांनी घरी बसावं." खाली अंगठ्यांची रांग लागली. सोंगाड्याने उत्तर दिलं नाही. मला फोन करून एवढंच म्हणाला, "माझ्या मुलीच्या लग्नात हाच जिलबी वाढत होता रे."

कार्यकारिणीची बैठक झाली. वग बंद करा असं कुणीच म्हणालं नाही. आम्ही सगळी सरकारी माणसं, 'नाही' हा शब्द आम्हाला वापरता येत नाही. आम्ही मार्ग काढतो. मार्ग मी सुचवला. बतावणी आधी लेखी मागवावी, कार्यवाहांनी पाहावी आणि मग सादर व्हावी. सगळ्यांना तो फार पसंत पडला. जगात कुणाला सुचणार नाही अशी ही गोष्ट आम्हाला अगदी स्वाभाविक वाटली.

सोंगाड्याला सांगायला मीच गेलो. तो म्हणाला, "बतावणी लिहून मागणारा तू पहिलाच. जांभईसुद्धा लिहून देऊ का? कुठल्या प्रवेशात येणार ते?"

"अरे, फॉर्मॅलिटी आहे. तुझ्याच सोयीसाठी."

"तीन प्रतींत देऊ?"

"एक पुरे," मी म्हणालो. त्याची थट्टा चालली होती हे मला घरी पोचल्यावर कळलं.

त्याने लिहून दिली. दरवर्षी देत गेला आणि दरवर्षी मी थोडं थोडं कापत गेलो. खजिना गेला, मग निवडणूक गेली, मग महागाईवरचं एक निरुपद्रवी कडवं गेलं. शेवटी जावई, सासू आणि दिल्लीची थंडी एवढं उरलं. तो तेही मन लावून करायचा. लोक हसायचे, आधीपेक्षा जास्त हसायचे, आणि मी स्वतःची समजूत घालायचो की बघा, काही बिघडलं नाही.

मग ते वर्ष आलं. उत्सवाच्या आधी आम्ही दोघं पागोट्यांसाठी जरीची फीत आणायला करोल बागेत गेलो होतो. परतताना मेट्रोत बसायला जागा मिळाली नाही, दारापाशी उभे होतो. तो मध्येच म्हणाला, "एक सुचलंय. ऐक. राजा विचारतो, प्रजा कशी आहे? मी म्हणतो, गप्प आहे महाराज. राजा खूश होऊन म्हणतो, म्हणजे सुखी आहे! मी म्हणतो, कुणास ठाऊक महाराज, आमच्या घरी म्हातारं माणूस असं गप्प झालं की आम्ही आधी नाडी बघतो."

मी इतका हसलो की शेजारच्या मुलीने कानातले इअरफोन काढून आमच्याकडे बघितलं. खूप दिवसांनी मला आपला जुना सोंगाड्या भेटला होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"घेऊ?" त्याने विचारलं. "तू नको म्हणालास तर नाही घेत. मला आता एकट्याने काही बोलण्याची ताकद नाही राहिली, कार्यवाह. तू हो म्हण, मग बोलतो."

"घे," मी म्हणालो. "बिल्कुल घे. फक्त लिहू नकोस."

हेच ते वाक्य. हे सगळं मी याच वाक्यासाठी लिहितो आहे. फक्त लिहू नकोस, असं मी म्हणालो, आणि तो समजुतीने मान हलवून हसला. कागदावर नसलेल्या गोष्टीची जबाबदारी कुणावर येत नाही, हे आम्हा दोघांनाही नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ती माझ्यावर येणार नाही, पण त्याच्यावर येईल, इतका पुढचा विचार मी केला नव्हता. किंवा केला असेन. आता सांगता येत नाही.

प्रयोगात त्याने ते वाक्य घेतलं. क्षणभर मंडपात काहीच झालं नाही. मग मागच्या अंधारातून एक बाई मोठ्याने हसली, आणि मग सगळे हसले, जुन्यासारखे, पुढच्या रांगेकडे न बघता. सोंगाड्याने विंगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. रंगवलेल्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी किंवा त्यानंतर पाहिला नाही.

कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. दुसऱ्या दिवशी तेवढाच तुकडा कापून सगळीकडे फिरला, खाली हिंदीत मजकूर, की निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने सणाच्या व्यासपीठावरून देशाची बदनामी केली. अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, त्याला आणि मंडळाचा कार्यवाह म्हणून मलाही.

इन्स्पेक्टर उद्धट नव्हता. त्याने चहा मागवला. कंटाळलेल्या आवाजात मला म्हणाला, "अंकलजी, आप सेक्रेटरी हैं. स्क्रिप्ट आप पास करते हैं. ये लाइन आपको पता थी?"

मी म्हणालो, "लिखित में ऐसा कुछ नहीं था."

"मतलब पता नहीं थी?"

मी गप्प बसलो. माझ्या मुलाच्या बढतीचं त्या वेळी चाललं होतं, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. खरं असं की त्या खोलीत मला मुलगा आठवला नाही, बढती आठवली नाही. फक्त भीती वाटली. टेबलापलीकडे एक साधा, थकलेला माणूस बसला होता, एवढंच.

सोंगाड्याच बोलला. "इन्हें कैसे पता होगा, साहब? मेरे मुँह से उसी वक़्त निकल गया. बुढ़ापा है, जीभ फिसल जाती है." इन्स्पेक्टरने मान डोलावली आणि लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "चल, रिक्षा बघ. ऊन फार आहे."

त्याला बरेच दिवस बोलावत राहिले. अटक केली नाही, मारलं नाही, नुसतं बाकावर बसवून ठेवायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, परसों आइए. मंडळाने ठरवलं की त्याने माफीचा व्हिडिओ करावा, म्हणजे प्रकरण मिटेल. मजकूर आम्हीच तयार केला. आमच्याच हॉलमध्ये, मोबाईल खुर्चीवर टेकवून चित्रण झालं. त्याने कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "मुझे यह कहने का निदेश हुआ है कि..." अध्यक्ष ओरडले, "मोघे, प्लीज! आता तरी थट्टा नको." तो दचकला. थट्टा करत नव्हता तो. इतक्या वर्षांच्या सवयीने आलं होतं तोंडात. दुसऱ्यांदा त्याने कागदावर होतं तेवढंच वाचलं. त्या दिवशी अध्यक्षांनी त्याला मोघे म्हटलं हे माझ्या लक्षात राहिलं आहे, कारण त्यानंतर त्याला सोंगाड्या कुणी म्हणालं नाही.

प्रकरण हळूहळू विरलं. वगही बंद झाला, त्यासाठी ठराव करावा लागला नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून तो वसाहतीजवळच भाड्याने राहत होता; तिथे त्याचं आता काही राहिलं नव्हतं, तो आणि वहिनी मुलीकडे नोएडाला गेले. विसाव्या मजल्यावर फ्लॅट होता. मी अधूनमधून जायचो. सुरुवातीला मी मुद्दाम बातम्या काढायचो. हे बघ काय चाललंय, ते बघ काय म्हणाले, म्हणजे तो पूर्वीसारखा एखादं वाक्य टाकेल. तो म्हणायचा, "हं, बरोबर आहे." उलट बाजूने काढलं तरी म्हणायचा, "हं, तेही बरोबर आहे." जावयाच्या घरात टीव्ही दिवसभर चालू असे आणि त्यावर माणसं एकमेकांवर ओरडत असत. तो समोर सोफ्यावर बसून ते बघायचा. आवाज कमी करायचा नाही, वाढवायचा नाही, चॅनेल बदलायचा नाही. निवडणुकीच्या दिवशी मी फोन केला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "नाही गेले. पाय दुखतात म्हणाले." त्याचे पाय दुखत नव्हते. संध्याकाळी तो खाली बागेत चार फेऱ्या मारायचा, हे मला त्याच्या नातीने सांगितलं होतं.

आणि आम्ही तरी काय करत होतो? निवृत्त माणसं, पेन्शन वेळेवर येते, मुलं मार्गी लागलेली. सकाळी बागेत भेटून म्हणायचो, फार वाईट चाललंय. मग कुणीतरी इकडेतिकडे बघून म्हणायचं, जाऊ द्या, आपल्या हातात काय आहे. मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं आहे की ते खरं आहे की सोयीचं, हे मला ओळखता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात सोंगाड्या गेला. झोपेतच गेला. धुक्यामुळे मी वेळेवर पोचू शकलो नाही. पंधरा-वीस दिवसांनी वहिनींना भेटायला गेलो. जावई आणि मुलगी कामावर गेली होती. वहिनींनी चहा केला, बशीत चिवडा ठेवला आणि समोर बसल्या.

"भावजी, तुमचं नाव शेवटपर्यंत असायचं यांच्या तोंडी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाहक त्रास झाला याचं फार वाटायचं यांना. पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली तुम्हाला, यांच्या जिभेपायी."

मी कप खाली ठेवला. मी म्हणालो, "वहिनी, ते वाक्य मला माहीत होतं. त्याने मला आधी विचारलं होतं. मी घे म्हणालो होतो. लिहू नकोस, हेही मीच म्हणालो होतो."

त्यांना लगेच कळलं नसावं. त्यांनी बशीबाहेर सांडलेला चिवडा बोटाने गोळा केला.

"विचारलं होतं?"

"मेट्रोत. तू नको म्हणालास तर घेत नाही, असंही म्हणाला होता."

"मला म्हणाले, आपोआप तोंडातून गेलं." त्या हळू बोलत होत्या. "रोज बोलायचे हो मी यांना. रोज. भजनीमंडळाच्या बायकांनी मला ग्रुपमधून काढलं, तेव्हा बोलले. आपलं घर सोडून मुलीच्या दारात राहायला आलो, तेव्हा बोलले. जावई रागाने दोन दिवस बाहेरच जेवला, तेव्हाही. मी म्हणायचे, तोंड उघडण्याआधी कुणाला एका शब्दाने विचारलं असतंत तर! भावजींना विचारायचंत, ते शहाणे आहेत, त्यांनी थांबवलं असतं. आणि हे म्हणायचे, चुकलंच माझं, खरंच विचारायला हवं होतं."

मी म्हणालो, "वहिनी, तेव्हा वातावरणच असं होतं. आपल्या हातात..."

"देशाचं तुम्ही काय करणार होतात?" त्यांनी मला मध्येच थांबवलं. आवाज चढला नव्हता. "काही करता आलं नसतं, मला कळतं. यांनाही कळत होतं. पण माझं तोंड तुम्हाला बंद करता आलं असतं, भावजी. एका वाक्यात झालं असतं ते. नोएडाला येत होतात, याच सोफ्यावर बसत होतात."

घड्याळाकडे बघून त्या उठल्या. नातीची शाळेची बस यायची वेळ झाली होती. त्यांनी शाल घेतली, कुलूप घेतलं आणि दार उघडून मी बाहेर पडण्याची वाट बघत उभ्या राहिल्या. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्या समोरच्या दाराकडे बघत होत्या. तळमजल्यावर दार उघडलं तसं मी म्हणालो, "वहिनी, हे मी सगळ्यांना सांगेन. लिहून काढेन."

"आता लिहा," त्या म्हणाल्या आणि गेटकडे चालू लागल्या.